बिलातला तास कुठून येतो?

तासाच्या हिशोबाने काम करणारा माणूस वेळ नोंदवायचं सॉफ्टवेअर निवडायला बसला की पहिल्याच दिवशी चक्रावतो. टॉगल, क्लॉकिफाय, हार्वेस्ट, किमाई, झोहो, सगळ्यांच्या जाहिरातीत तेच मोठं गोल बटण. दाबलं की घड्याळ सुरू, पुन्हा दाबलं की बंद. बटणात डावंउजवं करण्यासारखं काही नसतं. खरा फरक पडतो तो बटण बंद केल्यानंतर. ती नोंद कोणत्या दराने आणि कोणत्या महिन्यात बिलावर चढते, त्यात मिनिटं किती धरली जातात, आणि क्लायंटने ‘हे तीन तास कसले?’ असं विचारलं तर तिच्यातून उत्तर निघतं का, हे बघायचं असतं. म्हणून ही निवड उलटीकडून करावी. आपलं मागच्या महिन्याचं बिल काढून समोर ठेवावं आणि त्यातल्या एकेका ओळीवरून मागे सरकत टायमरपर्यंत यावं.

समजा, पुण्यात तिघांचा एक वेब डिझाइनचा स्टुडिओ आहे. त्यांच्याकडे तीन क्लायंट आहेत. लंडनची एक एजन्सी तासावर पैसे देते. सांगलीच्या एका कारखानदाराने वेबसाइटचं काम साठ हजारांना ठरवून दिलंय. आणि एका शाळेशी महिन्याला दहा तासांचा करार आहे, काम येवो न येवो. तिन्ही क्लायंटचं काम एकाच टायमरवर, पण तिन्ही बिलं वेगळ्या जातीची. लंडनच्या बिलाला प्रत्येक तासाचा तपशील लागतो. शाळेच्या बाबतीत दहापैकी किती तास उरले हे महिना संपायच्या आत कळायला हवं. सांगलीच्या बिलात तास दिसतच नाहीत, आणि म्हणूनच ते नोंदवायचा कंटाळा केला जातो. तिथेच फसगत होते. साठ हजारांच्या कामाला पंचाहत्तर तास लागले असतील तर तासाला आठशे रुपये पडले. लंडनसाठी दर पंधराशे असेल तर पुढचं कोटेशन देताना हा आकडा हाताशी नको का? तेव्हा सॉफ्टवेअरकडून पहिली अपेक्षा ही: ठरीव रकमेचं काम, तासाचं काम आणि मासिक कराराचं काम, तिन्ही त्यात वेगवेगळी मांडता आली पाहिजेत. मासिक करारासाठी दर महिन्याला पुन्हा शून्यापासून मोजणारं बजेट असतं का, ते खास विचारा. बऱ्याच ठिकाणी बजेट एकदाच ठरवता येतं आणि पुढे ते नुसतं वाढत जातं. मग शाळेचे मार्चचे तास एप्रिलच्या डोक्यावर बसतात.

आता मिनिटांकडे येऊ, कारण पैसे तिथे मुरतात.

तासाचे दहा भाग करून सहा-सहा मिनिटांत वेळ लिहायची रीत अमेरिकन वकिलांची. तिचं श्रेय साधारणपणे बोस्टनच्या रेजिनल्ड हीबर स्मिथ यांना दिलं जातं. गंमत अशी की हा माणूस मूळचा गरिबांच्या बाजूचा. १९१४ पासून त्यांनी बोस्टनच्या विधी सहाय्य संस्थेचा कारभार पाहिला आणि १९१९ मध्ये गरिबांना न्याय कसा मिळत नाही यावर गाजलेलं पुस्तक लिहिलं. संस्थेकडे पैसा कमी आणि अशील फार, म्हणून एका प्रकरणाला किती वेळ जातो याचा हिशोब त्यांना हवा होता. पुढे ‘हेल अँड डोर’ या मोठ्या फर्मचा कारभार हाती आल्यावर तीच टाइमशीट तिथे गेली. तरी पुढची काही दशकं बरेच अमेरिकन वकील कामाच्या प्रकारानुसार ठरलेल्या दरपत्रकावर फी घेत. १९५८ मध्ये अमेरिकन बार असोसिएशनने पुस्तिका काढून वकिलांना वेळ नोंदवायचा आग्रह केला. १९७५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गोल्डफार्ब खटल्यात किमान फीची दरपत्रकं स्पर्धाविरोधी ठरवली, आणि तासाचं बिल पक्कं रुजलं. आपल्याकडे कोर्टात उभा राहणारा वकील अजून बहुधा तारखेवर फी घेतो. तासाचा हिशोब मुंबईच्या मोठ्या लॉ फर्ममध्ये भेटतो. पण परदेशी क्लायंटच्या करारात ‘दशांश तास’ असं वाचलंत तर ते कुठून आलं हे माहीत असलेलं बरं.

दशांश तास म्हणजे सहा मिनिटं. काही जण पंधरा मिनिटांचा टप्पा धरतात. दोन्ही चालतं, करारात लिहिलेलं असलं की. घोटाळा असतो तो मिनिटं वरच्या टप्प्यापर्यंत ओढायची कधी, यात. लंडनच्या क्लायंटशी दिवसभरात चार फोन झाले, प्रत्येकी सात मिनिटांचे. एकूण अठ्ठावीस मिनिटं. पंधराशेच्या दराने याचे सातशे रुपये झाले. आता प्रत्येक फोन वेगळा धरून पंधरा मिनिटांपर्यंत वर ओढला तर भरतो पूर्ण तास, म्हणजे पंधराशे. चारही फोनची बेरीज करून मग ओढलं तर तीस मिनिटं, साडेसातशे. सहा मिनिटांच्या टप्प्याने प्रत्येक सात मिनिटांचे बारा होतात, चारांचे अठ्ठेचाळीस, म्हणजे बाराशे. तीच बेरीज सहाच्या टप्प्याने ओढली तर पुन्हा तीसच. काम तेच, फोन तेच, आणि बिल सातशेपासून पंधराशेपर्यंत कुठेही. सॉफ्टवेअरमध्ये ही निवड एका छोट्या सेटिंगमध्ये दडलेली असते आणि कधी फक्त पैसे भरून घेतलेल्या प्लॅनमध्येच मिळते. चाचणीच्या काळात असल्या चार लुटुपुटीच्या नोंदी करून रिपोर्ट काढा. ओढाताण नोंदीवर होते की बेरजेवर, ते दोन मिनिटांत कळतं. मूळ मिनिटं तशीच राहून ओढाताण फक्त रिपोर्टात होत असेल तर उत्तम. मूळ नोंदच बदलून टाकणारं सॉफ्टवेअर मी तरी घेणार नाही. उद्या वाद झाला तर खरी वेळ दाखवणार कुठून?

याच्याच शेजारी दुसरा खड्डा आहे, दशांशाचा. एक तास वीस मिनिटं म्हणजे १.३३ तास. पण घाईत हाताने लिहिणारा १.२० लिहून मोकळा होतो, आणि १.२० तास म्हणजे एक तास बारा मिनिटं. आठ मिनिटं, दोनशे रुपये, एका ओळीत गेले. तुम्ही टाइप करता तेव्हा सॉफ्टवेअर १:२० आणि १.२० यांत फरक करतं का, हे करून बघा. चांगलं असेल तर ते दोन्ही स्वीकारतं आणि लगेच दुसऱ्या रूपात लिहून दाखवतं.

एक्सेलवर भागवणाऱ्यांना तर याहून मोठा धक्का बसू शकतो. वेळेच्या रकान्याची बेरीज साडेसत्तावीस तास आली, तरी रकान्याला दिवसाच्या घड्याळाचा साधा फॉरमॅट असला तर तिथे ३:३० दिसतं. चोवीस तास झाले की एक्सेल नवा दिवस धरतं आणि उरलेलं तेवढं दाखवतं. फॉरमॅटमध्ये तासाचं अक्षर चौकटी कंसात घातलं की पूर्ण सत्तावीस दिसतात. आणि त्या बेरजेला थेट दराने गुणायचं नाही, आधी चोवीसने गुणायचं, कारण एक्सेलच्या पोटात पूर्ण दिवस म्हणजे १. एवढं सांभाळलं तर एकट्याने दोन-तीन क्लायंट बघणाऱ्याला एक्सेल पुरतं, असं माझं मत. सॉफ्टवेअर घ्यायचं ते माणसं वाढली की, किंवा क्लायंट तपशील मागू लागला की.

तपशील म्हणजे नोंदीचं वर्णन. ‘वेबसाइटचं काम, ५ तास’ ही नोंद बिलावर छापली जाते तेव्हा ती क्लायंटला भांडणाचं आमंत्रणच देते. ‘चौकशीचा फॉर्म मोबाइलवर तुटत होता, दुरुस्ती आणि दोन फोनवर तपासणी, १ तास १० मिनिटं’ असं असलं की प्रश्न येत नाही, आला तरी दोन वाक्यांत मिटतो. अमेरिकेत हरणाऱ्या पक्षाकडून वकिलाची फी मिळवून देताना न्यायाधीश अशा एकगठ्ठा नोंदींवर कात्री चालवतात, कारण पाच कामं एका ओळीत घातली की कोणत्या कामाला किती गेलं ते कळत नाही. सॉफ्टवेअरमध्ये मग बघायचं एवढंच: वर्णन सक्तीचं करता येतं का? वर्णन नसेल तर नोंद जपून ठेवायला सॉफ्टवेअर नकार देतं का? तिघांच्या स्टुडिओत एकाची तरी सवय काहीच न लिहिता टायमर बंद करायची असते. त्याला रोज समजवण्यापेक्षा ही सक्ती बरी.

आणि कोणतं काम बिलात धरायचं, कोणतं नाही, याची खुणेची चौकट प्रत्येक नोंदीला असते. ती मुळात टिक केलेली असावी की कोरी, हे प्रोजेक्टनुसार ठरवता यायला हवं.

टायमर हाताने लावायचा की आपोआप, यावर लोक फार वाद घालतात. हाताने लावायचा तर विसर पडतो. लावायचा विसरतो, त्याहून जास्त बंद करायचा विसरतो, आणि सकाळी बघावं तर रात्रभर शाळेच्या नावावर अकरा तास चढलेले. बऱ्याच टायमरमध्ये यावर उपाय असतो. माउस-कीबोर्ड काही मिनिटं हलले नाहीत की सॉफ्टवेअर खिडकी उघडून विचारतं, हा वेळ ठेवू की टाकू? पण हा उपाय स्क्रीनवर बसून काम करणाऱ्याचा. आर्किटेक्ट साइटवर स्लॅब बघत उभा असतो, सीए क्लायंटच्या ऑफिसात व्हाउचर चाळत असतो. त्यांच्या वेळी कॉम्प्युटर थंड पडलेला असतो आणि काम मात्र जोरात चालू. त्यांना मोबाइलवर, नेट नसताना चालणारं आणि नंतर जुळवून घेणारं ॲप हवं. मोबाइल विमान मोडवर टाकून एक नोंद करा, मग नेट सुरू करा. नोंद तशीच पोचली, की दोनदा चढली, की हरवली?

आपोआप नोंदवणारी सॉफ्टवेअरं दिवसभर कोणती खिडकी किती वेळ उघडी होती ते टिपत जातात. ॲक्टिव्हिटीवॉच हे त्यातलं मुक्त स्रोताचं; त्याची माहिती आपल्याच कॉम्प्युटरवर राहते. पण ती नोंद बिल नव्हे, फक्त आठवण. संध्याकाळी त्यावरून दिवस जुळवायचा आणि वर्णनं आपण लिहायची. शुक्रवारी बसून सोमवार आठवण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक.

याच्या पुढची पायरी स्क्रीनचे फोटो काढणारी. अपवर्क या फ्रीलान्स कामाच्या साइटवर तासाचं काम करणाऱ्यांना ती चांगलीच ठाऊक आहे. तिथलं ॲप वेळेचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे करतं, प्रत्येक तुकड्यात कधीतरी एक फोटो घेतं आणि की-माउसच्या हालचाली मोजतं. क्लायंट अनोळखी, हजारो मैलांवर, तेव्हा पैसे मिळण्याची हमी त्या फोटोंवर उभी आहे, हे मान्य. तिथला आठवडा रविवारी मध्यरात्री संपतो, पण यूटीसीच्या घड्याळाने, म्हणजे आपल्या सोमवारी पहाटे साडेपाचला. आपल्या तीन जणांच्या स्टुडिओत मात्र असलं काही बसवू नये. फोटोत क्लायंटच्या सर्व्हरचे पासवर्ड येतात, बँकेचं पान येतं, आणि त्यातून कळतं एवढंच की माणूस बोटं हलवत होता. हातच्या लोकांवर विश्वास नसेल तर त्याला सॉफ्टवेअर काय करणार!

घड्याळांचा विषय निघालाच आहे तर लंडनकडे परत जाऊ. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेचार तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेपाच, कारण ते मार्चच्या शेवटच्या रविवारी काटे पुढे नेतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात. १ मे रोजी रात्री दीड वाजता पुण्यात कोणी काम उरकलं, तर लंडनमध्ये तेव्हा ३० एप्रिलचे रात्रीचे नऊ वाजलेले असतात. नोंद कोणत्या महिन्याच्या बिलात जाईल? बहुतेक सॉफ्टवेअरं आतून एकच जागतिक वेळ साठवतात आणि रिपोर्ट काढताना कोणाचं तरी घड्याळ लावतात. ते घड्याळ बघणाऱ्याचं असतं की खात्याचं, हे तपासा. क्लायंटला थेट रिपोर्टची लिंक देणार असाल तर विशेष, कारण तुम्हाला दिसणारी बेरीज आणि त्याला दिसणारी बेरीज वेगळी आली की सगळा विश्वास तिथेच संपतो.

दराची परीक्षा घ्यायला विसरू नका. एप्रिलपासून दर पंधराशेचा अठराशे केला. आता जानेवारीचा रिपोर्ट उघडा. त्यातले जुने तास अठराशेने दिसू लागले तर सॉफ्टवेअर बाद. दर बदलताना ‘कोणत्या तारखेपासून?’ असं त्याने स्वतःहून विचारलं पाहिजे. त्याशिवाय दर कितव्या पायरीवर लागतो तेही बघायचं. माणसाचा एक दर, प्रोजेक्टचा दुसरा, विशिष्ट कामाचा तिसरा असेल तर कोणाचं चालतं? साधारण नियम असा की जितकी बारीक पायरी, तितका तिचा अधिकार मोठा. आणि बिल गेल्यावर त्यातल्या नोंदींवर कुलूप पडतं का? नाही पडलं तर कोणीतरी प्रेमाने मागच्या महिन्यातलं शुद्धलेखन सुधारायला जातो आणि मिनिटं हलवून येतो.

बिलापाशी आल्यावर भारतीय माणसाची वाट परदेशी सॉफ्टवेअरपासून वेगळी होते. टॉगल एस्टोनियातलं, हार्वेस्ट न्यूयॉर्कचं, दोन्ही २००६ च्या सुमाराची. हार्वेस्टमधून बिलही निघतं, दिसायला देखणं. पण जीएसटीत नोंदणी असेल तर बिलावर आपला जीएसटीआयएन, सेवेचा सॅक कोड, पुरवठ्याचं ठिकाण, आणि सीजीएसटी-एसजीएसटी की आयजीएसटी हे सगळं हवं. सांगलीला पहिले दोन लागतील, बेंगळुरूला तिसरा. लंडनच्या बिलावर कर न लावता पाठवायचं तर एलयूटी हे हमीपत्र भरलेलं असावं लागतं आणि तसा उल्लेख बिलावर यावा लागतो. बिलाचा क्रमांक सोळा अक्षरांच्या आत, एका आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा. आपोआप लांबलचक क्रमांक देणारं सॉफ्टवेअर इथे अडतं. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: वेळ एका ठिकाणी, बिल दुसऱ्या. टायमरमधून महिन्याचा तक्ता काढा, टॅलीत किंवा झोहोत बिल करा, आणि तक्ता बिलासोबत जोडा. झोहो इन्व्हॉइसमध्ये टाइमशीट आणि जीएसटीचं बिल दोन्ही आहे, तेव्हा लहान स्टुडिओचं सगळं एकाच छपराखाली होऊ शकतं. पण तिथला टायमर तुम्हाला आवडतो का, हे वापरूनच ठरवा.

वर्णनं मराठीत लिहिणार असाल, आणि अनुवादक किंवा इथल्या शाळांचं काम करणारे लिहितातच, तर आणखी दोन गोष्टी बघा. पीडीएफमध्ये ‘प्रश्नपत्रिका’ आणि ‘दुरुस्ती’ हे शब्द छापून बघा. जोडाक्षरं सुटी पडली किंवा नुसते चौकोन आले तर त्या सॉफ्टवेअरला देवनागरी येत नाही. दुसरं, सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली की मराठीच्या जागी बऱ्याचदा भलतीच चिन्हं दिसतात. फाइल बिघडलेली नसते. एक्सेलच्या डेटा मेनूतून ती आत घ्यायची आणि तिथे यूटीएफ-८ निवडायचं, मग सगळं जागेवर येतं.

खर्चाचं गणित दर माणशी दर महिना असतं, बहुधा डॉलरमध्ये. त्यावर कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क आणि जीएसटी धरा. स्वतःचा सर्व्हर सांभाळता येणाऱ्यांना किमाई आहे, मुक्त स्रोताचं आणि माणशी पैसे न मागणारं. फक्त बॅकअप घ्यायचं काम मग तुमचं.

सही करण्याआधी चाचणीच्या खात्यातून सगळ्या नोंदी बाहेर काढून बघा. सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, क्लायंट, प्रोजेक्ट, माणूस, वर्णन, दर आणि बिलात धरलं की नाही, हे रकाने फाइलमध्ये आले पाहिजेत. नुसती दिवसाची बेरीज मिळत असेल तर उद्या दुसरीकडे जाता येणार नाही. जीएसटीचे हिशोब त्या वर्षाचं वार्षिक रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात. सॉफ्टवेअर कंपनी तेवढी टिकेलच असं नाही, आणि फुकटचं खातं जुने रिपोर्ट कधी दाखवायचं बंद करेल तेही सांगता येत नाही. तेव्हा दर महिन्याच्या बिलाबरोबर त्याच्या नोंदींची एक सीएसव्ही आणि एक पीडीएफ, बिलाच्याच क्रमांकाच्या नावाने, आपल्या फोल्डरमध्ये टाकून ठेवा.